रोह्याचं कबड्डीचं मैदान आणि आमचे मिठागरातले पाय

मी अंगठेबहाद्दर. या ब्लॉगवर तुम्ही आजवर जे वाचलंत ते माझ्या सुनेचं, जयश्रीचं. तिचे प्रवास म्हणजे थंड हवेची ठिकाणं आणि तिथल्या चहाच्या कपांचे फोटो. या खेपेला ती घरी राहिली आणि मी जाऊन आले, म्हणून बोलणार मी आणि फोनवर टिपणार ती. मध्येमध्ये ती माझी भाषा सुधारते. एखादं वाक्य फार शहाणं वाटलं तर ते तिचं समजा.

जायचं कारण माझी नात, जयश्रीची लेक रुचिता. पेणच्या बायकांच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळते. कोपऱ्यातल्या पोरीचं काम काय, तर चढाईला आलेलीचा घोटा धरायचा आणि जीव गेला तरी सोडायचा नाही. हा गुण तिला माझ्याकडून आला, पण श्रेय तिच्या सरांना मिळतं. दोन वर्षं जिल्ह्याच्या संघातली तिची निवड थोडक्यात हुकली. यंदा माझा लेक हरेश जेवता जेवता म्हणाला, "ह्या वर्षी यादीत नाव आलं तर ठीक. नाय आलं तर बास. पापडाच्या कारखान्यात पॅकिंगला जागा हाय, तिथं जायचं." रुचिताने तोंडाशी नेलेला भाताचा घास तेवढा ताटात परत ठेवला.

हरेश वाईट नाही. तिच्या गुडघ्याला दोनदा पट्टी बांधताना त्याने पाहिलंय, त्यानंतर तो तिच्या सामन्याला जातच नाही. म्हणून मी म्हटलं, मी जाते.

जिल्ह्याच्या निवडीचे सामने तीन दिवसांचे, रोह्याला. मी विचारलं, "रोह्याला काय मोठं स्टेडियम हाय का गो?"

"मैदान हाय, आजी. मातीचं."

"मग एवढ्या सगळ्या पोरींना ठेवतील कुठं?"

"ते रोहेकर बघतील," ती म्हणाली. आता सांगते, त्यांनी कसं बघितलं.

पहिल्या दिवशी सकाळी आमच्या खाडीकडच्या गावातून सहा आसनी रिक्षाने निघालो. सहा आसनी म्हणतात, बसलो अकरा. रामवाडीवरून पेण स्टेशन. रोह्याच्या गाड्या दिवसातून मोजक्याच, म्हणून वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर बाकावर बसून पाय हलवत राहाल. तिकीट एका वडापावाच्या आसपास. माझ्या पिशवीत पाहुण्या घरासाठी पोह्याचे पापड आणि सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. कासू स्टेशन येईपर्यंत समोरच्या बाईने तीन वेळा नाकाला पदर लावला. शेवटी मीच म्हटलं, "बाय, वास येतो ना? भाजल्यावर असाच यील, पण तेव्हा तू ताट घेऊन बसशील." ती हसली, आणि नागोठण्याला उतरताना जवळा कितीला घेतला ते विचारून गेली.

रोह्याला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर. गाव छोटं नाही, मोठंही नाही. कुंडलिका नदीच्या पुलावरून अर्धं दिसतं. बाजार, धाटावच्या कंपन्यांच्या बसगाड्या, मध्येच भाताचे आणि वालाचे मळे. हॉटेलं आहेत, पण आठ-दहा संघ झोपतील एवढी नाहीत. मग त्यांनी केलं काय? पोरींना झोपायला शाळेचे वर्ग दिले आणि अंघोळ-जेवणाला मैदानाच्या भोवतालच्या आळ्यांतलं एकेक घर एकेका संघाला वाटून दिलं. दाराला कागद चिकटवलेला: अमुक संघ इथे. मला काय वाचता येतंय! पण एका दारापुढे आमच्या पोरींच्या चपलांचा ढीग दिसला. तेवढं वाचता येतं.

ते घर मालतीचं. पन्नाशी उलटलेली बाई, नवरा धाटावला शिफ्टला, मागे भातशेती. दारात पाण्याचा तांब्या देऊन म्हणाली, "आजी, मोरी मागच्या बाजूला हाय. कडी घट्ट लागते. आधी तिकडं जाऊन या."

एवढ्या एका वाक्यासाठी मी तिच्यावर जीव टाकला. रुचिताच्या मागे मी पाच-सहा गावं फिरले. मोठमोठे मांडव पाहिले, पुढाऱ्यांचे फोटो पाहिले, आणि पोरी मोरी शोधत लोकांच्या दारांवरून फिरताना पाहिल्या. तेव्हा सामने बघायला कुठे जाणार असाल, तर मांडव बघू नका. कडी लागते का ते बघा.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि माझा जवळा तिने तिथल्या तिथे परतून वाढला. आमच्या पंक्तीत एक उंच, काटक पोरगी येऊन बसली. मालती म्हणाली, "ही माझी स्नेहल. रोह्याची चढाई करते."

रुचिता थांबली. "उद्या आमचा पहिला सामना तुमच्याशीच हाय."

"व्हय," स्नेहल म्हणाली. "आणि हरणारी बाहेर."

मालतीने दोघींच्या ताटात बिरडं वाढलं. म्हणाली, "जेवताना सगळ्या लेकी. काय ती डोकी फोडायची ती मैदानात फोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामने नऊला सुरू होणार होते. सातला मी फिरत फिरत मैदानावर गेले, तर प्रमोदभाऊ, म्हणजे तिथल्या मंडळाचा मुख्य माणूस, डोक्याला हात लावून उभा. मैदानावर पाणी मारायला टँकर आला होता. पाइप चालू करून टँकरवाला चहाला गेला, आणि चहावर त्याला कोणी ओळखीचं भेटलं. मैदानाचा चिखल झाला होता, घोट्यापर्यंत.

"आता आवण लावू या," कोणीतरी म्हणालं. रोहेकरांना संकटातही भाताची लावणीच आठवते.

प्रमोदभाऊ हसला नाही. निवड करणारी मंडळी उद्या दुपारपर्यंतच थांबणार होती. आज सामने झाले नाहीत तर गेल्या वर्षीची यादी बघून संघ काढणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. गेल्या वर्षीच्या यादीत रुचिता नव्हती. ती माझ्या मागे येऊन उभी होती, तिनेही ऐकलं. तिने फक्त केस वर बांधले आणि चिखलाकडे बघत राहिली.

मी चपला काढल्या आणि आत गेले. प्रमोदभाऊ ओरडला, "आजी, घसराल!"

"बाबा," मी म्हटलं, "तुमी भातवाले. तुमाला चिखल करता येतो. तो सुकवायचा कसा ते आमाला विचार. माझी उभी हयात मिठागरात गेली."

मिठाचा वाफा असाच असतो. तळ पायाने तुडवून, घट्ट करून, मगच त्यावर खाडीचं पाणी घ्यायचं. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते आणि ते मीठ गुरंही चाटत नाहीत. आधी तांब्याभर पाणी ओतून बघितलं, उतार कुठे आहे. नदीकडच्या कोपऱ्यात. तिथे चर खणायला लावला. पाणी निघून गेलं तसा वरचा गाळ घमेल्यांनी उपसला. प्रमोदभाऊने कुठूनतरी कोरडी, चाळलेली माती आणवली, ती पसरली. मग माणसं हवी होती.

आमच्या पेणच्या बाजूच्या आया-मावश्या सामना बघायला टेम्पोने आल्या होत्या. नऊ जणी. त्यांना फक्त म्हटलं, "ओळ धरा गो." साड्या खोचल्या आणि खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. टाचेपुढे टाच, टाचेपुढे टाच. एकीची टाच जिथे उठते तिथेच मागचीची बसते. मालती आपल्या आळीतल्या बायका घेऊन आली.

"असं नाय," मी तिला म्हटलं, "तू नाचतेस. दाब."

"मी आजवर भाजीला सुद्धा एवढं दाबून बघितलं नाय," ती म्हणाली, पण दाबायला लागली.

निवड करणारे खुर्च्यांवर बसून चहा पीत आमच्याकडे बघत होते. एक जण म्हणाला, "हा कुठला संघ?"

"वयोगट विचारू नका," मी सांगितलं.

अकरापर्यंत तुडवलं. मग फळ्यांनी थोपटलं, वर ओल्या फडक्याने पुसून घेतलं, आणि उन्हावर सोपवलं. दोन वाजता टाच रोवून बघितली, खळग्यात पाणी भरत नव्हतं. मैदान आरशासारखं झालं होतं. प्रमोदभाऊ माझ्या पाया पडला. मी तेवढ्यात इकडेतिकडे पाहून घेतलं, कोण कोण बघतंय ते.

तीनला आमचा सामना. धाटावची पहिली शिफ्ट सुटलेली. कंपनीच्या बसमधून आणि दुचाक्यांवरून माणसं येत राहिली, डबे हातात तसेच. पश्चिमेकडे बसू नका, ऊन डोळ्यांत येतं, हे मी उशिरा शिकले.

शिट्टी वाजली. स्नेहल चढाईला आली, वळली, आणि सपशेल आडवी. पोरी नुसत्या तिच्यावर बसल्या. आमचा गुण. पेणवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. पुढच्या चढाईत रुचिता घोट्यावर झेपावली, पण तिचाच टेकलेला पाय सरकला आणि ती तोंडावर पडली. पुन्हा एकदा तसंच. पुन्हा स्नेहल घसरली, या वेळी कोपरावर, आणि उठताना तिचा चेहरा पांढरा झाला. माझ्या बाजूला बसलेली मालती अर्धी उठली आणि खाली बसली.

टाळ्या वाजवणारे माझे हात थांबले. काय झालंय ते मला कळलं होतं.

मिठाचा तळ गुळगुळीतच हवा असतो. फावड्याला माती लागता नये, मीठ पांढरं निघालं पाहिजे. त्यासाठी आम्ही तो पुसतो, आरसा करतो. मी कबड्डीच्या मैदानाचा मिठाचा वाफा करून ठेवला होता. त्यावर मीठ पिकलं असतं उत्तम. पोरींचे पाय कसे ठरणार?

मध्यंतराला पेण सहा गुणांनी पुढे. रोह्याचा सगळा खेळ चढाईवर, म्हणून घसरत जास्त त्यांच्याच पोरी होत्या. मी उठले तसा आमच्यातल्या एकीने पदर धरला. "आजी, कुठं चालल्या?"

"पंचांकडे. मैदान खरवडायला पाहिजे."

"गप बसा हो. आपण पुढं हाव. रुचिताचं वर्ष हाय ना हे?"

ते मला माहीत नव्हतं का? जिंकलो तर रुचिताला आणखी एक सामना मिळणार होता, आणखी एकदा ती त्या खुर्च्यांसमोर खेळली असती. हरलो तर आज एवढंच. मैदान खरवडलं की स्नेहलचे पाय सुटणार, हेही मला कळत होतं. रुचिता पाणी पीत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. मला एकटीलाच ठरवायला ठेवलं. कोपऱ्यातली पोरगी आहे, वाट बघते.

काल जिच्या मोरीला कडी होती, तिची लेक कोपर धरून बसली होती. मी गेले.

पंचांना म्हटलं, "चूक माझी हाय. मैदान मी केलं. मिठाचं केलं, खेळाचं नाय. खराटे आणा, वरची साय खरवडली की माती पाय धरंल."

पंच म्हणाला, "दोन्ही कप्तानांची हरकत नसेल तर."

रोह्याची लगेच हो म्हणाली. आमची कप्तान रुचिताकडे बघायला लागली. रुचिताने पाण्याची बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मलाही पाय पाहिजे. करा."

मालतीच्या आळीतून खराटे आले, सात-आठ. सकाळी तुडवणाऱ्या त्याच बायका, आता स्वतःचं काम स्वतःच ओरबाडत होत्या. मालती माझ्या शेजारी खराटा ओढत म्हणाली, "आजी, सकाळीच सांगितलं असतं तर एवढं दाबलं नसतं."

"तू कुठं दाबलं होतंस?" मी म्हटलं.

दुसऱ्या डावात खेळ काय असतो ते कळलं. स्नेहल वाऱ्यासारखी आली, दोन-दोन गड्यांना शिवून गेली. सहा गुण बघता बघता फिटले. पण रुचिताचे पायही आता जमिनीत होते. एकदा स्नेहल कोपऱ्याकडे वळली, रुचिताने तिला येऊ दिलं, अजून येऊ दिलं, आणि खाली वाकून घोटा असा धरला, की स्नेहलने तिला हातभर ओढत नेलं तरी सुटला नाही. मधल्या रेषेला चार बोटं कमी. धाटावच्या माणसांनी डबे वाजवले, रोह्याचीच माणसं ती! शेवटी शेवटी परत तसंच. रुचिताच्या दोन पकडी, दोन्ही वेळा सापडली स्नेहलच.

रोहे दोन गुणांनी जिंकलं.

रुचिताने येऊन माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मातीने भरलेलं. मी म्हटलं, "माझ्यामुळं हरलात."

"सामना हरलो," ती म्हणाली. "पहिल्या डावासारखं खेळून जिंकलो असतो तर मला लाज वाटली असती. पण आजी, यादीचं काय होईल ते नाय माहीत."

तिसऱ्या दिवशी आमचं काही काम नव्हतं. मालती म्हणाली, यादी ऐकूनच जा. मला तर पळून जावंसं वाटत होतं. सकाळी ती आम्हाला मळ्यात घेऊन गेली. वालाच्या शेंगा भरलेल्या. तिने पिशवी भरून दिली, आणि बरोबर उसळ कशी करायची ते पण सांगितलं, जसं काही पेणला वाल आकाशात उगवतो.

दुपारी प्रमोदभाऊने ध्वनिक्षेपकावरून नावं वाचली. बारा नावं. तिसरं स्नेहलचं. मालतीने माझा हात धरला, पण ओरडली नाही. पाचवं गेलं, आठवं गेलं. दहावं अलिबागच्या कोणाचं तरी. मी मालतीच्या हातातून हात काढून घ्यायला लागले, तिने सोडला नाही. अकरावं आलं: "रुचिता हरेश म्हात्रे, पेण."

मग मात्र मालती अशी ओरडली की प्रमोदभाऊ बारावं नाव वाचायचा थांबला. स्वतःच्या लेकीच्या नावाला गप्प बसलेली बाई. आजवर मला कोणी काय काय दिलं ते मी विसरते, आता वय झालं. ते ओरडणं विसरणार नाही.

निवड करणाऱ्यांपैकी एक जण जाताना रुचिताला म्हणाला, "दुसऱ्या डावात पाहिलं तुला." तेवढंच.

परत एसटीने आलो, रोह्याहून रामवाडी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट. आधारकार्डावर माझं वय ज्याने अंदाजाने लिहिलं त्या माणसाचं भलं होवो. रुचिता सगळा रस्ता खिडकीला डोकं लावून झोपली. मी वालाची पिशवी मांडीवर घेऊन जागी. येणाऱ्यांसाठी सांगते: खिडकी उजवीकडची घ्या, ऊन कमी लागतं.

घरी आल्यावर जयश्रीने विचारलं, "कसं होतं रोहे?" काय सांगू? मोठ्या शहरात सामने होतात तेव्हा बघणारे बघून निघून जातात. रोह्याच्या माणसांनी मोरी दिली, खराटे दिले, आणि जिने त्यांचं मैदान बिघडवलं तिला वाल दिला. मी त्यांना दिलं एक मैदान, आणि तेही घसरडं. हिशेब माझ्याच अंगावर निघतो, आणि मला त्याचं दुःख नाही.

हरेश दारापुढच्या खळ्यात उभा होता. आम्ही सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि बाहेर गेला. मला वाटलं, झालं, आता दोन दिवस हा बोलणार नाही. थोड्या वेळाने हातात सुतळीचा तुकडा घेऊन आला. रुचिता पाय पसरून बसली होती, नखांत अजून रोह्याची माती. तो तिच्या पुढे उकिडवा बसला.

"राज्याचे सामने मॅटवर असतात ना?" त्याने विचारलं. "मॅटवर बूट लागतात."

"लागतात, बाबा."

त्याने तिच्या टाचेला सुतळी लावली, अंगठ्यापर्यंत आणली, दाताने तोडली. दुसऱ्या पायाची पण घेतली. नंबर विचारला असता तरी चाललं असतं, एवढं त्यालाही कळतं. दोन्ही तुकडे त्याने शर्टाच्या खिशात ठेवले आणि वर हात दाबून धरला, वाऱ्याने उडतील अशी भीती असल्यासारखा. घरात वारा नव्हता.